तांबोळी सर आणि पलीकडचा काठ

नदीला पूर येऊन गेला की आमच्या कार्यालयातली मंडळी गाडीतून उतरून आधी पूल बघायची, मग खचलेला रस्ता, आणि मग सरपंचांच्या ओसरीवर चहा. तांबोळी सर मात्र जिकडून भांडी घासल्याचा आवाज येईल तिकडे चालू लागायचे. पायात प्लॅस्टिकच्या चपला, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, खिशात भाजलेले शेंगदाणे. भिंतीवरची चिखलाची रेघ एकदा निरखायचे आणि दारातल्या बाईला विचारायचे, "मावशी, पाणी शिरलं तेव्हा पहिलं काय उचललंत?"

बायका आधी गोंधळायच्या. सरकारी माणूस आला की काय काय गेलं ते सांगायचं, एवढं त्यांना ठाऊक असायचं. काय उचललं, हे आजवर कुणी विचारलेलंच नसायचं. मग कुणी म्हणायची, पिठाचा डबा. कुणी म्हणायची, सासू. एकीने कोंबड्या खुराड्यासकट उचलल्या होत्या आणि मंगळसूत्र खुंटीवरच राहिलं होतं. ते सांगताना ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. एका घरात नवऱ्याने टीव्ही उचलला होता आणि बायकोने पोरांची दप्तरं. पाणी ओसरून आठवडा झाला तरी त्यांचं त्यावरून भांडण चालू होतं. सर तिथे बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मी घाई करायला लागले तेव्हा म्हणाले, "काय गेलं ते विचारलं की माणूस सरकारला सांगायचं ते सांगतो. काय उचललं ते विचारलं की खरं सांगतो."

सर आमच्या नगरच्या कार्यालयात उपअभियंता होते. जिल्ह्यातल्या नद्यांच्या काठची जी गावं पुरापासून संरक्षण मागायची, त्यांच्या प्रस्तावांची छाननी आमच्याकडे व्हायची. भिंत बांधायला किंवा काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायला काय लागेल ते एका बाजूला, आणि त्यामुळे किती नुकसान टळेल ते दुसऱ्या बाजूला. टळणारं नुकसान भारी ठरलं तर प्रस्ताव पुढे जायचा, नाहीतर परत. कागदावर बघितलं तर यात चुकण्यासारखं काही नव्हतं. सरांचं सगळं आयुष्य त्यातलं चुकणारं काय, हे सांगण्यात गेलं.

मी रुजू झाले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारण्याआधी विचारलं, "नदी कोणती तुमची?"

मी म्हटलं, "आमचं गाव पाथर्डीकडे सर. नदी नाही. एक ओढा आहे, तोही कोरडा."

"कोरडा असू द्या. नाव काय त्याचं?"

मला सांगता येईना. सरांनी शेंगदाण्यांची मूठ पुढे केली आणि म्हणाले, "घरी फोन करून विचारा. ओढ्याला नाव असतंच. ज्याचं नाव माहीत नाही तो ओढा पहिला घरात येतो."

मी आईला फोन लावला. ओढ्याला खरंच नाव होतं.

पुरांवर आयुष्य काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. सरांचं बालपण नेवाशाकडे प्रवरेच्या काठी गेलं, आणि लहानपणी कधीतरी ते डोहात बुडता बुडता वाचले होते. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून सांगायच्या, "घरात नळ गळायला लागला तरी हे झोपेतून उठून बसतात. म्हणतात, कहाँ से आ रहा है पानी?" सर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. चेष्टा सहन करण्याची त्यांची एक पद्धत होती. बशीतला चहा ते नेहमीपेक्षा सावकाश प्यायचे.

बेलकुंडी हे गाव त्यांच्या आयुष्यात आलं ते एका अशाच पुरामुळे. आमच्याकडचा पूर बाहेरच्या माणसाला खरा वाटत नाही. इकडे राहुरीला कडक ऊन, वावरात धूळ, आणि तिकडे भंडारदऱ्याला डोंगरावर पाऊस कोसळत असतो. धरणं भरतात, पाणी सोडावं लागतं, आणि निळ्या आभाळाखाली प्रवरा फुगत फुगत येते. बेलकुंडी तिच्या एका मोठ्या वळणावर वसलेलं. डाव्या काठाला गाव: बाजारतळ, दुकानं, पतसंस्था, मागे ऊस. उजव्या काठाला खालची वस्ती. तिथली माणसं मासे धरायची, उन्हाळ्यात वाळूत कलिंगडं लावायची, उरलेले दिवस वीटभट्टीवर जायची.

त्या पुरात दोन्ही काठांवर पाणी शिरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सरपंच आम्हाला बाजारपेठेत घेऊन गेले. औषधाच्या दुकानात फडताळापर्यंत चिखल होता, आणि दुकानदार, चांगला पन्नाशीचा माणूस, भिजलेली खोकी एकावर एक रचत होता. त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. तरी रचत होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण लगेच विचारलं, "पलीकडे कोण राहतं?"

सरपंच म्हणाले, "तिकडं काय बघायचंय साहेब? चार झोपड्या. पूल लांबून हाय, तास जाईल."

"होडी?"

"होडी कुठली. काहील हाय."

काहील म्हणजे गुऱ्हाळात ज्यात रस उकळतात ती मोठी लोखंडी कढई. जुनी झाली की आमच्याकडे तिची होडी होते. वस्तीतले मारुतीतात्या ती वल्ह्याने हाकत अलीकडे आले. सरांनी त्या गोल, हेलकावणाऱ्या भांड्याकडे बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला. मला वाटलं, आता पुलाने जाऊ म्हणतील. पण पँट आणखी एक घडी वर करून ते आत बसले, एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने माझ्या पर्सचा पट्टा धरला.

"सायेब, हलू नगा," तात्या म्हणाले. "काहील गोल फिरती."

"मी हलत नाही, तात्या. नदी हलतीय."

पूर्ण वाटभर ते ओठातल्या ओठात दुवा म्हणत होते. पलीकडे उतरल्यावर वाळूत मांडी घालून बसले, दोन शेंगदाणे खाल्ले, मग उठले.

तिथे हिराबाई भेटल्या. दारात खाट उलटी टाकून तिच्यावर गोधड्या वाळत घातलेल्या. सरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"शिलाई मशीन," हिराबाई म्हणाल्या. "वरचं मुंडकं उचाललं. खालचं पाय न्हाई उचाललं मला. लई जड. ते गेलं वाहून."

आमच्याबरोबर आलेला एक ग्रामपंचायत सदस्य हसला. "आता पायाबिगर मशीन चालवती का डोक्यावर?"

सर हसले नाहीत. "किती घरांचं शिवता?"

"दोन्ही काठचं. गावातल्या बाया ब्लाउज माझ्याकडंच टाकत्यात. तात्याच्या काहिलीतून येत्यात कापडं."

परत येताना सर काहिलीत घाबरायचं विसरले. मला म्हणाले, "गर्जेबाई, आपल्या छाननीत हे घर म्हणजे काय आहे? कच्ची झोपडी, एक. तीसुद्धा पंचनाम्यात आली तर. मशीन नाही. मशीन बंद पडल्यावर पोरांची शाळा सुटते, ती नाही. वाळूतली कलिंगडं सातबाऱ्यावर नाहीत, म्हणून पीक नाही. आपण मोजतो ते खोटं नसतं. पण ज्याच्याकडे जास्त आहे त्याचंच जास्त वाचवायचं, असं आपलं गणित आपोआप सांगतं."

पुढच्याच वर्षी बेलकुंडीच्या भिंतीचा प्रस्ताव आला. डाव्या काठाला, बाजारतळाच्या कडेने, लांबलचक पूरसंरक्षक भिंत. नेहमीच्या हिशोबाने तो सहज बसत होता: पक्की घरं, दुकानं, बागायती जमीन. सरांनी तो ठेवून घेतला आणि नदीच्या रुंदी-खोलीचे आडवे छेद मागवले. जितका पूर मागच्या खेपेला आला तितकाच भिंत झाल्यावर आला तर पाणी कुठे जाईल, हे त्यांनी काढायला लावलं. मीच ते काढलं. डावीकडे पसरायला जागा उरत नव्हती. पाणी उजवीकडे चढत होतं, आणि वळणावर त्याचा वेग वाढून ते नेमकं वस्तीच्या पायथ्याला धडकत होतं.

बैठकीत आमचे मोठे साहेब म्हणाले, "तांबोळी, भिंत डाव्या काठाला आहे. उजव्या काठाचा हिशोब तुम्हाला कुणी सांगितला?"

"साहेब, डावीकडे अडवलेलं पाणी घरी परत जात नाही. उजवीकडे जातं."

सगळे हसले. साहेबही हसले. "मग तुमच्या हिशोबाने काय, प्रस्ताव बसत नाही?"

"असा बसत नाही. भिंत मागे सरकवा, बाजारतळ नदीला मोकळा ठेवा आणि पलीकडच्या काठाला दगडी पिचिंग करा. दोन्ही काठ एकत्र धरले तर चांगला बसतो. आणि नुसत्या या गावापुरतं नाही म्हणत मी. छाननीचीच पद्धत बदला. समोरच्या काठाला काय होईल आणि खालच्या गावाला काय होईल, ते लिहिल्याशिवाय एकही भिंत पुढे जायला नको. आणि घराची किंमत मोजताना त्या घरातलं पोट कशावर चालतं ते विचारा."

साहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी ऐकून घेतलं. पण बाजारतळावर गाळे उभे राहिले होते, आणि बेलकुंडीचे लोक बाहेर येऊन बसले होते. त्यांच्यात तो औषध दुकानदार होता. तो आत येऊन सरांना म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्या दुकानात आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आम्ही माणसं नाही का?"

सरांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. कारण तो खरं बोलत होता.

शेवटी तोडगा निघाला. पहिल्या टप्प्यात भिंत, दुसऱ्या टप्प्यात पलीकडच्या काठाचं पिचिंग. साहेब म्हणाले, "दोन्ही कागदावर घेतो. मग तर झालं?" सरांनी दोन दिवस प्रस्ताव टेबलावर ठेवला. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. सही केली नसती तर प्रस्ताव दुसऱ्याकडे गेला असता आणि दुसऱ्या टप्प्याचं वाक्यही त्यात राहिलं नसतं. त्यांनी सही केली.

आणि मग त्यांनी ती एक गोष्ट केली, जी त्यांना करायची काही गरज नव्हती. ते वस्तीवर सांगायला गेले.

मी बरोबर होते. पुन्हा काहील, पुन्हा ओठातल्या ओठात दुवा. वस्तीवर सगळे पिंपरणीच्या झाडाखाली जमले. मारुतीतात्या म्हणाले, "सायेब, आमी वर गायरानात सरकावं म्हन्तोय. पलीकडं भिंतीचं दगूड पडाय लागलं. नदी आमच्याकडं सरकनार, हे आमाला दिसतंय."

वस्तीच्या वर, पांदीच्या अरुंद वाटेने चढून गेलं की गायरान होतं. माळ. पाण्याचा थेंब नाही, पण पुराचंही भय नाही. हिराबाईंना ते नको होतं. वर गेलं की गिऱ्हाईक तुटणार, नदी तुटणार, कलिंगडाचे वाफे तुटणार.

सर म्हणाले, "घाई करू नका. गायरानात झोपड्या टाकल्या की अतिक्रमण म्हणून उठवतील. इथं दगड येणार आहे. दुसरा टप्पा मंजूर आहे. मी स्वतः बघितलंय."

"तुमी म्हन्ताय म्हंजे येनार," हिराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आम्हाला कलिंगड कापून दिलं.

भिंत झाली. चांगली झाली. बाजारतळावर लोक निर्धास्त झाले, औषध दुकानदाराने नवीन फडताळं केली. दुसऱ्या टप्प्याची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कधी निधी नव्हता, कधी दर बदलले होते, कधी कुणीतरी विचारायचं की नुसत्या झोपड्यांसाठी एवढं पिचिंग कशाला, हिशोबात बसत नाही. सर प्रत्येक वेळी समजावून सांगायचे की पहिला टप्पा आणि हा एकच प्रस्ताव आहे, तोडून मोजू नका. मोठे साहेब बदलून गेले. नवीन आले त्यांनी फाइल उघडून विचारलं, "पण भिंत तर पूर्ण झालीय. मग प्रश्न काय आहे?"

ज्या सकाळी पूर आला त्या सकाळी नगरला स्वच्छ ऊन पडलं होतं. सरांचा फोन वाजला. वस्तीतल्या कुणी तरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. सरांनी तो माझ्यासमोर बघितला. नदी काठावरून वर आली नव्हती. ती काठाखाली शिरली होती. आधी गवताची एक पट्टी खाली गेली, मग पिंपरण हळूच वाकली, आणि मग जमिनीचा एक मोठा तुकडा, त्याच्यावरच्या चुलीसकट, पाव तोडावा तसा तुटून पाण्यात बसला. मागून बायकांचा ओरडा येत होता. माणसं वेळेवर निघाली होती. गुरंही निघाली. पण जमीन कोण उचलणार?

आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. मागच्या पुरानंतर वस्ती चिखलाने भरलेली दिसली होती, या वेळी वस्तीच नव्हती. जिथे हिराबाईंचं दार होतं तिथे आता नदी वाहत होती, अगदी शांत, जणू पहिल्यापासून तिथेच होती.

तलाठी भाऊसाहेब कागद घेऊन अडचणीत उभे होते. चांगला पोरगा होता. सरांना म्हणाला, "साहेब, पंचनाम्यात पडझड झालेल्या घराची जागा लिहावी लागते. इथं जागाच उरली नाही. आज मोजलं तर हे नदीचं पात्र आहे. नदीच्या पात्रात घर होतं, असं कसं लिहू? आणि लिहिलं तर वर म्हणतील, पात्रात घर बांधलंच का?"

 ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक चिखलाची रेघ बोटाने मोजली, त्या सरांना इथे मोजायला रेघ नव्हती.

हिराबाई पांदीच्या तोंडाशी गाठोड्यावर बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.  मग हिराबाईच म्हणाल्या, "तात्या म्हनत हुता, वर चला, वर चला. मीच म्हनले, थांबा, तांबोळी सायेब खोटं बोलायचं न्हाईत."

सरांनी मान खाली घातली.

"खोटं न्हाईच बोल्ला तुमी," त्या म्हणाल्या. "तुमाला बी कुनी तरी सांगितलंच आसंल की."

शिवी दिली असती तर सरांना सोसली असती, असं मला आजही वाटतं. गाडीत बसल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. राहुरीच्या फाट्यावर ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली तर ते उतरले नाहीत. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर म्हणाले, "ते जात होते, गर्जेबाई. त्यांना कळलं होतं. मी थांबवलं. न मोजता सोडली असती ती वस्ती मी, तर आज वर माळावर असती."

त्यानंतर सरांनी निवृत्तीपर्यंत एकच काम लावून धरलं. छाननीची पद्धत बदला. बेलकुंडीचं नाव न घेता ते प्रत्येक बैठकीत तेच सांगायचे: टप्पे तोडून मोजू नका, समोरचा काठ मोजा, जमीनच गेली तर काय ते लिहायची सोय करा. पूर्वी ते हे चेष्टेत, कोपरखळ्या मारत सांगायचे. आता आवाज चढायचा. लोक कंटाळले. नवीन मुलं त्यांना पाठीमागे 'पलीकडचे सर' म्हणायला लागली. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे," आणि पुन्हा कामाला लागले.

आणि एक दिवस ते खरंच झालं. सर निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी वरून परिपत्रक आलं. यापुढे प्रत्येक पूरसंरक्षण प्रस्तावात समोरच्या काठावर आणि खालच्या गावांवर होणाऱ्या परिणामाचा स्वतंत्र रकाना भरणं सक्तीचं. आम्ही पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. भाभींनी शीरखुर्मा केला होता, ईद नसताना. सर खूश दिसत होते, पण मला राहून राहून वाटत होतं की ते कुणाची तरी वाट बघताहेत.

नवीन अभियंत्यांच्या प्रशिक्षणाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. ते नवा शर्ट घालून आले. बोलण्याआधी त्यांना परिपत्रकानंतर आलेले प्रस्ताव बघायचे होते. मी गठ्ठा समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक प्रस्ताव उघडून तेवढाच रकाना वाचायला लागले. पहिल्यात लिहिलं होतं, 'समोरील काठावरील परिणाम नगण्य.' दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच, टंकलेखनाच्या त्याच चुकीसकट. एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उचललं होतं. सर शेवटच्या प्रस्तावापर्यंत गेले. मग गठ्ठा नीट सरळ करून बाजूला ठेवला.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते उभे राहिले आणि त्या मुलांना हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं होतं, रकाना नाही म्हणून कुणी पलीकडे जात नाही. रकाना झाला की जातील. माझं चुकलं. तुम्ही सगळे चांगले शिकलेले आहात, मी तुम्हाला काय सांगणार? पुढचा प्रस्ताव भराल तेव्हा एकदा पलीकडे जाऊन चहा प्या. एवढंच." आणि ते बसले. त्यांच्यासाठी तास ठेवला होता. पाच मिनिटंही झाली नव्हती. मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरांनी त्या टाळ्या संपेपर्यंत टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत वेळ काढला.

यंदाच्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकार. कळलं तेव्हा मी लांब एका कामावर होते. पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. भाभी म्हणाल्या, "शेवटपर्यंत बेलकुंडीला जात होते हो. एसटीने. मला सांगायचे, जरा पाय मोकळे करून येतो." मला ते माहीत होतं. मी त्यांना तिथे पाहिलं होतं.

ते गेल्या उन्हाळ्यातलं. दुसऱ्या एका कामासाठी मी त्या भागात गेले होते आणि ड्रायव्हरने वरच्या माळावरच्या रस्त्याने गाडी घातली. नदीने उठवलेली वस्ती आता गायरानात पत्र्यांखाली राहत होती. जागा त्यांच्या नावावर अजून झाली नव्हती. सावलीला एक झाड नाही. खाली प्रवरा चमकताना दिसत होती, आणि वर माणसं टँकरच्या पाण्यासाठी ओळीत उभी होती. हंडे, ड्रम, कळशा. त्या ओळीच्या मधोमध, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, दोन प्लॅस्टिकचे हंडे पायाशी ठेवून सर उभे होते.

मी गाडीतून उतरले. ते मला बघून संकोचले. एखाद्याच्या घरात त्याला न विचारता पाहुणा शिरावा तसं मलाच वाटलं.

"सर, तुम्ही इथे?"

"तहसीलमध्ये यांच्या जागेचं काम होतं. साहेब दुपारनंतर भेटणार आहेत. म्हटलं, तेवढ्यात..." त्यांनी हंड्यांकडे हात केला. ते वाळले होते, गालांची हाडं वर आली होती. "हिराबाई तिकडे मशीनवर बसल्यात. लग्नसराईचे ब्लाउज आलेत. ओळीत उभं राहिलं तर त्यांचा दिवस जातो."

"होईल का जागेचं?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "मी त्यांना होईल म्हणून सांगितलेलं नाही."

 मी त्यांना म्हटलं, संध्याकाळी परत जाताना गाडीतून नगरला सोडते. ते बघू म्हणाले. तेवढ्यात ओळ हलली. पत्र्याच्या सावलीतून, मशीन न थांबवता, हिराबाई ओरडल्या, "ओ तांबोळीभाऊ, गप्पा मागनं हानता येत्याल! नंबर चालला ना!"

"आलो, आलो," म्हणत सरांनी घाईने हंडे उचलले. टँकरच्या पाइपाला एकदम झुंबड उडाली. मी गाडीपाशी उभी राहून बघत होते. दोन बायकांच्या मधून वाट काढत सर पुढे गेले, पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि थेंबही बाहेर सांडू नये म्हणून हंड्यावर पूर्ण वाकले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.